सतरा पेट्या

फेब्रुवारीच्या अखेरीस पेट्यांना कान लावला.
सोळा गप्प.
सतरावीत, दूरच्या खोलीत कुणी
सूप फुंकून पितंय, एवढाच आवाज.

आमच्या भाषेत गाय मरते, कुत्रं मरतं,
मधमाशी मात्र वारते.
माणसाचं आणि तिचं क्रियापद एकच.
ते शेजारच्या झोफ्काला सांगताना
माझ्या तोंडून निघेना.
म्हटलं, "रिकाम्या झाल्या."
जशा काही त्या सामान बांधून
भाच्याकडे राहायला गेल्या.

ऑगस्टात फरच्या जंगलात मध झरत होता.
गोचिडांच्या पट्ट्या घालायचा आठवडा आला, गेला.
औषध घातलं की मध काढता येत नाही,
आणि मला आणखी एक डबा हवा होता.
मग अजून एक.
पट्ट्यांचं पाकीट पावाच्या डब्यावर, न फोडलेलं.
रोज सकाळी ते बाजूला सारून
मी पाव काढायचे.
गोष्ट एवढीच आहे.
बाकीचं गोचिडांनी केलं.

पेट्यांच्या दर्शनी फळ्या रंगवलेल्या, पणजोबांच्या वेळच्या.
एका फळीवर सैतान
बाईची जीभ धारेच्या चाकावर धरून बसलाय.
बोहिन्यला येणारे प्रवासी तिचा फोटो काढतात, हसतात.
मीही हसायचे.
या हिवाळ्यात सैतानाला बोलवावं लागलं नाही.
चाक मीच फिरवलं, जीभ माझीच,
आणि कापायला समोर दुसरं कुणी नव्हतं.
हावरट. ऐदी. बापाचं नाव घालवलंस.
बर्फ ओढताना, भांडी विसळताना,
पहाटे तीनला, पाणी प्यायला उठले तेव्हासुद्धा.

आणि हीच मी,
जूनमध्ये ग्रेगाच्या हातून भरलेली चौकट गवतात पडली,
पोरगं पांढरंफटक, माश्या घोंगावतायत,
तेव्हा म्हणाले होते,
"हलू नकोस. होतं असं. आधी राणी शोधू."
त्याची चूक पोटात घातली
आणि वर भूक लागली म्हणून जेवायला बसले.

वडिलांच्या वहीत एकही पेटी गेलेली नाही.
बेचाळीस वर्षं नुसता मध, किलोंमध्ये,
अक्षर सरळ, शाई निळी.
ते औषध कधी घालायचे
हे बघायला परवा ती वही दिव्याखाली धरली
तर शिवणीपाशी दातेरी काठ.
एका जागी तीन पानांचे.
पुढे दोन. मग एकदम सात.
सात पानं, बाबा.
त्या वर्षी तुम्ही गवत कापताना बोलत नव्हता,
मला वाटायचं माझ्यावर रागावलात.
तुमची जीभ कोण धार लावत होतं?
आणि तुम्हाला कुणी का नाही म्हणालं,
होतं असं, आधी राणी शोधू?

बराच वेळ बसले. चहा गार झाला.
मग त्याच वहीत, पुढच्या कोऱ्या पानावर लिहिलं:
सोळा वारल्या.
पट्ट्या वेळेवर घातल्या नाहीत, मधाची हाव झाली.
खाली माझं नाव, येर्नेया, पूर्ण.
अक्षर वाकडंच आलं.
पान फाडावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू.
हात शिवणीपर्यंत गेलाही होता.

आज ग्रेगा आलाय चौकटी उकळायला.
मेण तरंगतंय, वास गोड आणि जरा वाईट.
सतरावीला साखरेची वडी दिली,
झाकणावर दोन विटा, वाऱ्यासाठी.
त्याने विचारलं, किती गेल्या.
सांगितलं. का, तेही सांगितलं.
तो "हं" म्हणाला आणि लाकडं सारली.

ते पाकीट टाकलेलं नाही.
दाराच्या चौकटीला सुतळीने टांगलंय,
ऑगस्टात येता-जाता
कपाळावर आपटेल एवढ्या उंचीवर.
दोनदा आपटलंही.
दोन्ही वेळा मी स्वतःला
काहीच बोलले नाही.